‘आम्ही केलं’ म्हणजे नक्की कोणी?

यंदा कोजागिरीला आपल्या मंडळाच्या गच्चीवर दूध आटत होतं, तेव्हा एका ओळखीच्या घरातला मुलगा माझ्याशेजारी येऊन बसला. वय असेल बत्तीस-तेहतीस. सबस्टेशनच्या डिझाइनचं काम करतो. थोडं इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, “मावशी, तुम्ही आय-ट्रिपल-ईच्या सीनियर मेंबर आहात ना? तो अर्ज कसा लिहायचा ते सांगा ना. मी तीनदा लिहायला बसलो. दर वेळी बायोडेटाच परत लिहिला जातो.”

मला हसू आलं, कारण माझंही अगदी हेच झालं होतं. त्याला म्हटलं, इथे दुधाच्या गडबडीत सांगण्यासारखं नाही ते, लिहूनच काढते. आपल्या घराघरांतून आता कोणी इंजिनियर आहे, कोणी आर्किटेक्ट, कोणी कंपनी सेक्रेटरी. प्रत्येकाला कधी ना कधी अशा एखाद्या व्यावसायिक संस्थेकडे ‘मला तुमच्यात घ्या’ असा अर्ज करावा लागतो. म्हणून इथेच लिहिते आहे.

आधी ही संस्था काय आहे ते थोडक्यात. अमेरिकेत विजेच्या इंजिनियरांची एक संस्था 1884 साली निघाली आणि रेडिओच्या इंजिनियरांची दुसरी 1912 साली. 1963 मध्ये दोन्ही एकत्र आल्या, तीच ही आय-ट्रिपल-ई. आज तिचे 4 लाखांहून जास्त सभासद जगभर आहेत, आणि आपल्याकडे गुजरात विभागही आहे. साधं सभासदत्व पदवी आणि वर्गणीवर मिळतं. सीनियर मेंबर होण्यासाठी मात्र अर्ज करावा लागतो. त्याच्या वरची फेलो ही पायरी आपण अर्ज करून मागायची नसते, त्यासाठी दुसऱ्या कोणी आपलं नाव सुचवावं लागतं. म्हणजे स्वतः अर्ज करून गाठता येईल अशी सगळ्यांत वरची पायरी सीनियर मेंबरची.

अटी मोजक्या आहेत. व्यवसायात दहा वर्षं झालेली हवीत. त्यात पदवीच्या शिक्षणाची तीन वर्षं धरतात, मास्टर्स असेल तर चार, डॉक्टरेट असेल तर पाच. या दहांपैकी निदान पाच वर्षांत ‘उल्लेखनीय कामगिरी’ दिसली पाहिजे. आणि आधीच सीनियर मेंबर किंवा फेलो असलेल्या तिघांनी तुमच्यासाठी संदर्भ दिला पाहिजे. अर्जाला वेगळी फी नाही. वाचायला सोपं वाटतं. पण ‘उल्लेखनीय कामगिरी’ या दोन शब्दांपाशी माणूस अडतो. तसं काही आपण केलंय का, आणि केलं असेल तर ते आपल्याच तोंडाने कसं सांगायचं?

मी 2001 साली इथल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठातून इलेक्ट्रिकलची पदवी घेतली आणि वडोदऱ्याजवळच्या एका ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात चाचणी विभागात लागले. मधली तीन वर्षं सोडली, तर कायम तिथेच. 2018 मध्ये कारखान्याची मालकी बदलली. नवे लोक आले, जुन्या फायली गोदामात गेल्या. एक दिवस नव्या मॅनेजरांनी सहज विचारलं, “तुम्ही इथे इतकी वर्षं नक्की काय करत होतात?” विचारण्यात वाईट हेतू नव्हता. पण मला उत्तर देता येईना. चाचणीच्या प्रत्येक अहवालावर सही विभागप्रमुखांची. माझ्या नावापुढे सतरा वर्षांत एकच ओळ होती: टेस्टिंग इंजिनियर. त्या रात्री झोप लागली नाही. आपण काय केलं हे निदान एका कागदावर तरी नीट लिहिलेलं असावं, असं वाटलं आणि मी अर्जाला बसले.

पहिला मसुदा चार पानांचा झाला. तो घेऊन दांडिया बाजारात आमच्या जुन्या साहेबांकडे गेले. साहेब म्हणजे आमचे निवृत्त विभागप्रमुख, स्वतः जुने सीनियर मेंबर. त्यांचाच संदर्भ मला हवा होता. त्यांनी चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि चहा गार होईपर्यंत वाचत बसले. मग कागद माझ्यापुढे सरकवला. पानभर गोलच गोल काढलेले.

“हे काय साहेब?”

“मोज,” ते म्हणाले. “एकतीस वेळा ‘आम्ही’ आहे. आम्ही चाचण्या घेतल्या, आम्ही दोष शोधले, आम्ही सुधारणा केल्या. अगं, यातली तू कोणती?”

मी म्हटलं, “सगळं मिळूनच केलं ना साहेब. मी मी कसं लिहायचं?”

“मग विभागालाच अर्ज करू दे,” ते म्हणाले. “यावरून मी तुझ्याबद्दल एक ओळही लिहू शकत नाही. आणि मी तर तुझं काम पाहिलंय. ज्याने पाहिलेलं नाही, तो बिचारा काय करणार?”

मला राग आला, पण ते बरोबर होते. आपल्या घरांतलं वळणच तसं आहे. स्वतःची स्तुती स्वतः करू नये, हे लहानपणापासून कानावर पडलेलं. समर्थांनी दासबोधात मूर्खाची लक्षणं सांगितली आहेत, त्यात हेही एक आहे. आमचे आजोबा ते येता-जाता ऐकवायचे. त्यात मुलगी म्हणजे आणखीच. बक्षीस मिळालं तरी ‘बाईंनी शिकवलं म्हणून’ असं म्हणायचं. हे संस्कार वाईट आहेत असं मला आजही वाटत नाही. पण स्तुती आणि माहिती यांतला फरक मला कोणी सांगितला नव्हता. ‘मी फार हुशार आहे’ ही स्तुती. ‘अमुक साली अमुक दोष होता, मी त्याचं कारण असं शोधलं, त्यानंतर तो दोष इतका कमी झाला’ ही माहिती. अर्ज वाचणाऱ्याला दुसरी गोष्ट हवी असते. ती आपण विनयाने झाकून ठेवली, तर त्याची अडचणच होते.

पहिल्या मसुद्यातली दुसरी चूक म्हणजे त्यात जबाबदाऱ्यांची यादी होती. इम्पल्स चाचणी, तापमानवाढीची चाचणी, तेलातल्या वायूंची तपासणी, सगळं ओळीने लिहिलेलं. साहेब म्हणाले, “हे तर तुझ्या खुर्चीवर बसणारा कोणीही करेल. तू त्या खुर्चीवर होतीस म्हणून काय वेगळं झालं, ते सांग.”

घरी येताना रिक्षात विचार करत होते, तेव्हा 2013 चा पावसाळा आठवला.

त्या वर्षी जुलैपासून आमचे ट्रान्सफॉर्मर चाचणीत नापास व्हायला लागले. इन्सुलेशनच्या आत बारीक बारीक ठिणग्यांसारखा विद्युतस्राव होतो. त्याला पार्शल डिस्चार्ज म्हणतात आणि तो पिकोकुलंबमध्ये मोजतात. तो ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त यायचा. सप्टेंबरपर्यंत असे नऊ ट्रान्सफॉर्मर परत गेले. परत जाणं म्हणजे तेल काढा, टाकी उघडा, आतला सगळा भाग पुन्हा भट्टीत वाळवा. ग्राहक ताटकळलेला, दंड चालू, आणि डिझाइनवाले व उत्पादनवाले एकमेकांकडे बोट दाखवतायत.

मी महिनाभर आलेख चाळत बसले होते. एक दिवस वाइंडिंगचे मिस्त्रीकाका आमच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. पस्तीस वर्षं कारखान्यात घालवलेला माणूस. शाळा सातवीपर्यंत. म्हणाले, “बेन, आ बधा रातना जॉब छे.” हे सगळे रात्रीचे जॉब आहेत, एवढंच. आणि निघून गेले.

मी भट्टीच्या नोंदवहीतून प्रत्येक जॉब बाहेर काढल्याची वेळ घेतली आणि माझ्या चाचणीच्या निकालाशेजारी मांडली. तीन दिवस लागले. काकांचं म्हणणं खरं निघालं, आणि कारणही सापडलं. ट्रान्सफॉर्मरच्या आत गुंडाळलेला कागद उष्णता आणि निर्वातात वाळवतात. भट्टीतून बाहेर आला की तो हवेतली ओल परत ओढायला लागतो. म्हणून शक्य तितक्या लवकर टाकीत बसवून तेल भरायचं असतं. आमच्याकडे रात्रपाळीला क्रेन चालवणारा नव्हता. रात्री निघालेला जॉब प्लास्टिक पांघरून सकाळपर्यंत तसाच पडून राहायचा. हिवाळ्यात ते खपून जायचं. वडोदऱ्याच्या जुलैत कसं खपेल?

मी भट्टीचं वेळापत्रक बदलून मांडलं. जॉब सकाळीच बाहेर निघेल असं. बाहेर किती तास चालतील याची मर्यादा ठरवली, ती ओलांडली तर जॉब परत भट्टीत. उत्पादन विभागाला ते पटवायला सहा आठवडे गेले. पुढच्या पावसाळ्यात याच कारणासाठी फक्त एक ट्रान्सफॉर्मर परत गेला.

दुसरा मसुदा मी याच गोष्टीवर लिहिला. सगळीकडे ‘मी’. मी रात्रपाळीशी असलेला संबंध ओळखला, मी नोंदी तपासल्या, मी उपाय सुचवला. वाचून मलाच बरं वाटलं. साहेबांकडे अगदी उत्साहात गेले.

साहेबांनी वाचलं. “चांगलं आहे,” म्हणाले. मग पेन्सिल पहिल्या ओळीवर ठेवली. “हा संबंध तू ओळखलास?”

मी गप्प.

“मिस्त्री कुठे गेला?”

काही क्षण काही सुचेना. मग मी म्हटलं, “साहेब, तुम्हीच सांगितलंत ‘आम्ही’ लिहू नकोस.”

“आम्ही लिहू नकोस म्हटलं, खोटं लिही नाही म्हटलं.” त्यांचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे ते जास्तच लागलं. “तुझ्या अहवालावर माझी सही असायची, त्याचं तुला वाईट वाटलं ना? मग आता त्याच्या बोलण्यावर तू तुझी सही करते आहेस.”

दांडिया बाजारातून मी त्या दिवशी चालत घरी आले. शरम वाटत होती, आणि शरमेचं कारण असं की ते वाक्य लिहिताना मला काही खटकलंही नव्हतं. काका निवृत्त झालेले. त्यांना इंग्रजी येत नाही. तो अर्ज ते कधी वाचणार नव्हते. मी लबाडी करायला बसले नव्हते, पण झाली होती ती लबाडीच. नव्या मॅनेजरांनी माझी सतरा वर्षं एका प्रश्नात पुसली असं मला वाटत होतं, आणि मी स्वतः काकांची पस्तीस वर्षं एका क्रियापदात पुसली होती.

तिसऱ्या मसुद्यात तो परिच्छेद असा झाला: वाइंडिंग विभागातल्या अनुभवी कारागिरांनी (इथे त्यांचं पूर्ण नाव घातलं) नापास झालेले ट्रान्सफॉर्मर रात्रपाळीचे असल्याचं माझ्या लक्षात आणून दिलं. त्यावरून मी तीन महिन्यांच्या भट्टीच्या नोंदी आणि चाचणीचे निकाल जुळवून पाहिले, ओल हे कारण असल्याचं दाखवलं, कामाचं नवं वेळापत्रक आणि तासांची मर्यादा ठरवली आणि ती अमलात आणली. आधीच्या पावसाळ्यात नऊ, नंतरच्या पावसाळ्यात एक.

गंमत म्हणजे हा परिच्छेद आधीच्या दोन्हींपेक्षा जास्त पटणारा झाला. काकांचा वाटा स्पष्ट लिहिल्यावर माझा वाटाही स्पष्ट दिसायला लागला. त्यांना जे दिसलं ते मला दिसलं नव्हतं. पण दिसलेल्याचा पुरावा करणं, कारण सांगणं आणि नऊ माणसांना पटवून पद्धत बदलणं, हे माझं काम होतं. ते मला आता न लाजता लिहिता आलं, कारण त्यात दुसऱ्याचं काही नव्हतं.

बाकीचा अर्जही मग याच पद्धतीने झाला. पाच वर्षांतली चार कामं निवडली, बाकी गाळली. प्रत्येकाला तीन गोष्टी: अडचण काय होती, मी काय केलं, त्यानंतर काय बदललं. जिथे आकडा होता तिथे आकडा दिला. नव्हता तिथे ओढूनताणून आणला नाही. ग्राहकांची नावं आणि कंपनीच्या आतल्या गोष्टी बाहेर ठेवल्या. अर्ज वाचणारे स्वतः सीनियर मेंबर किंवा फेलोच असतात, पण तुमच्याच शाखेतले असतील असं नाही. म्हणून पार्शल डिस्चार्ज म्हणजे काय हे एका वाक्यात सांगितलं. नव्या मुलांना शिकवण्यासाठी मी चाचणीची एक टिपणवही तयार केली होती. ती मला क्षुल्लक वाटायची. साहेब म्हणाले, ती घाल. प्रशिक्षण उभं करणं हीसुद्धा कामगिरीच आहे.

राहिली मधली तीन वर्षं. 2008 ते 2011. मुलगी लहान होती आणि सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. पहिल्या मसुद्यात मी तारखा अशा काही लिहिल्या होत्या की ती पोकळी दिसू नये. शेवटी सरळ लिहिलं: कौटुंबिक जबाबदारीमुळे काम बंद होतं. पदवीची तीन, आधीची सात, नंतरची आठ वर्षं धरून माझी अट कधीच पूर्ण झाली होती, मग लपवायचं कशाला? मुलींनो, हे तुमच्यासाठी मुद्दाम लिहिते आहे. तारखा झाकायला गेलं की वाचणाऱ्याचं लक्ष नेमकं तिथेच जातं.

संदर्भांविषयी दोन शब्द. एक साहेब. दुसऱ्या विद्यापीठातल्या एक प्राध्यापिका, त्यांच्या विद्यार्थ्यांना मी आमच्याकडे प्रकल्पासाठी घेत असे. तिसऱ्यासाठी एक मोठे गृहस्थ पाहुण्यांच्या ओळखीतून मिळत होते. ते फोनवरच म्हणाले, “पाठवून द्या, करून टाकतो.” त्यांनी माझं काम कधी पाहिलं नव्हतं. आधी मोह झाला, मग आभार मानून नको म्हटलं, आणि आमच्याकडे चाचणी पाहायला येणाऱ्या एका ग्राहक कंपनीच्या इंजिनियरांना विचारलं. त्यांनी त्या पावसाळ्यात मला चांगलंच फैलावर घेतलं होतं. ते लगेच हो म्हणाले. ओळखीत कोणी नसेल तर स्थानिक विभागाला विचारता येतं, तेही मदत करतात. आणि ज्यांना विचाराल त्यांना वेळ द्या, तुमचा मसुदा आधी पाठवा, कोणतं काम त्यांनी जवळून पाहिलंय याची आठवण करून द्या. रात्री दहाला मेसेज टाकून ‘उद्यापर्यंत’ म्हणू नका.

काही आठवड्यांनी मंजुरीचं पत्र आलं. मी आधी साहेबांना फोन केला आणि मग पेढे घेऊन मिस्त्रीकाकांकडे गेले. ते मुलाकडे राहतात, तरसाळीला. त्यांना अर्जातला तो परिच्छेद गुजरातीत वाचून दाखवला. नाव आलं तिथे त्यांनी हात वर केला आणि पुन्हा वाचायला सांगितलं. सुनेला आतून बोलावलं, नातवाला बोलावलं, आणि मी तिसऱ्यांदा वाचलं. दुसऱ्या मसुद्याबद्दल मी त्यांना काही सांगितलं नाही. आज हे लिहिताना पहिल्यांदाच सांगते आहे.

त्या नव्या मॅनेजरांना मी त्यांच्या प्रश्नाचं उत्तर कधी दिलं नाही, तशी वेळ आली नाही. पण आता कोणी विचारलं तर मला देता येतं, दोन मिनिटांत, आणि मान खाली न घालता. खरं सांगायचं तर अर्जाचा मला झालेला मोठा फायदा हाच. पत्र नंतरचं.

सीनियर मेंबर झाल्यावर आता मलाही दुसऱ्यांसाठी संदर्भ देता येतो. दरवर्षी दोन-तीन मुलं-मुली मसुदे घेऊन येतात. मीही पेन्सिल घेऊन बसते. आधी ‘आम्ही’ शोधते आणि विचारते, यातलं तुझं कोणतं? ते लिहून आणलं की मग ‘मी’वर पेन्सिल ठेवते आणि विचारते, यात आणखी कोण होतं?

कोजागिरीला भेटलेल्या त्या मुलालाही सांगून ठेवते: मसुदा घेऊन ये. चहा मी करीन. एक अट, ‘आम्ही’ आणि ‘मी’ दोन्ही घरून तपासून आण.